ओले कपडे मागणारे काका

लखनौमध्ये माणसाला चोर समजले तरी त्याला आधी बसायला खुर्ची देतात, हे मला काकांमुळे कळलं. डिसेंबरातली सकाळ होती, विकास नगरच्या त्या गल्लीत धुक्यामुळे समोरचा विजेचा खांबही दिसत नव्हता. काका एका परक्या घराच्या फाटकातून हात आत घालून तिथल्या तारेवरची सलवार गालाला लावून बघत होते. मी दोन पावलं मागे, हातात वही घेऊन. तेवढ्यात दार उघडलं आणि शाल पांघरलेले एक वयस्क गृहस्थ बाहेर आले. त्यांनी काकांकडे पाहिलं, सलवारीकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "जनाब, यह हमारी बहू की है. आपको कुछ और दिखाएं?"

दुसरा कोणी असता तर पळाला असता. काकांनी सलवार पुन्हा तारेवर पसरली, तिच्या सुरकुत्या काढल्या आणि म्हणाले, "कल सुबह की धुली है. अभी तक गीली है. और आज भी नहीं सूखेगी." गृहस्थांनी पुढे होऊन स्वतः चाचपून बघितलं. "फरमाया तो आपने सही है," ते म्हणाले आणि आत वळून चहा सांगितला. मी मात्र घामाघूम झाले होते, तेही त्या थंडीत. पुढचा पाऊण तास काका त्या घरातल्या ओल्या कपड्यांची चौकशी करत बसले होते.

हे माझे सख्खे काका नव्हेत. मूळचे मिरजेकडचे, हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. शेवटची नेमणूक लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या तळावर होती, तेव्हा विकास नगरात घर बांधलं आणि परत जायचं राहूनच गेलं. उभी नोकरी विमानातली काट्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते अशी त्यांची श्रद्धा होती. गल्लीत सगळे त्यांना फौजी अंकल म्हणत. मी ज्या कंपनीच्या नोकरीसाठी नाशिकहून लखनौला आले होते, ती वर्षाच्या आत इथली शाखा गुंडाळून निघून गेली होती. गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि नवी वस्तू कशी असावी ते शोधायचं, हे माझं तिथलं काम. इथल्या मराठी मंडळींच्या कोजागरीला मी हे काकूंजवळ बोलले आणि काकूंनी घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांचा फोन आला. "तुम्ही लोकांना प्रश्न विचारता म्हणे. मला एक माणूस पाहिजे. चालायचे बूट आहेत का?"

बूट होते. नोकरी नव्हती. मी गेले.

काकांनी एक कपाट बनवलं होतं. फ्रिजएवढं, पत्र्याचं, आत तापणारी तार, पंखा आणि तीन तापमापक. लखनौच्या हिवाळ्यात धुकं पडलं की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि कपडे तारेवर नुसते लोंबत राहतात. आज धुतलेली जीन्स चौथ्या दिवशी घालता आली तर नशीब समजायचं. या कपाटात ती तीन तासांत वाळायची. काकांनी त्याला 'सूर्य-१' असं नाव दिलं होतं. काकू त्याला 'ते धूड' म्हणत, कारण ते स्वयंपाकघरात उभं होतं आणि त्याच्यामुळे त्यांना डाळीच्या डब्यांपर्यंत पोचायला तिरकं व्हावं लागे. बेंगळुरूचा मुलगा फोनवर म्हणायचा, "पापा, ये सब रेडीमेड मिलता है ना." काका फोन काकूंच्या हातात देऊन निघून जात.

पण एक सांगायला हवं. कपाट बनवून ते लोकांच्या गळ्यात मारायला निघाले नव्हते. आधी लोकांना विचारायचं, मग माप ठरवायचं, मगच पत्रा कापायचा, यावर ते ठाम होते. मुलाखतीला ते 'सॉर्टी' म्हणत, विमानाच्या उड्डाणाला म्हणतात तसं. सॉर्टीआधी बुटांना पॉलिश. सॉर्टीनंतर चहाच्या टपरीवर उभ्याने उजळणी. रस्त्यावर मी 'मॅडम' असे, घरी ताटावर बसले की 'अगं पोरी'. आणि मॅडमनी ताटावर कामाचं काही काढलं तर पोरीला बोलणी बसत.

माझ्या पहिल्या आठवड्यात मी अठरा घरं करून आले. अठराच्या अठरा जणांनी कपाट घेऊ म्हणून सांगितलं होतं. मी खुशीत वही पुढे केली. काकांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि वही मिटली. "अठरापैकी अठरा? ही मुलाखत आहे का लग्नाची पत्रिका?"

"काका, सगळे जरूर म्हणाले."

"मॅडम, मी या शहरात बावीस वर्षं राहतोय. इथला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. त्याला ते सभ्यपणाचं वाटत नाही. 'जरूर' म्हणजे तुम्ही आता चहा घेऊन निघा. 'क्यों नहीं' म्हणजे आणखी बिस्किट घ्या आणि निघा. आमच्या मिरजेत दारातून हाकलून देतात, त्यात निदान माहिती मिळते."

मग त्यांनी नियम घालून दिले. 'घ्याल का' हे कधीही विचारायचं नाही. मागच्या वेळी कपडे वाळले नाहीत तेव्हा काय केलंत, एवढंच विचारायचं. वहीत तीन रकाने आखायचे: 'बोलले', 'केलं' आणि 'दिलं'. पहिला रकाना नुसता भरायचा, वाचायचा नाही. मोठ्या कंपनीत मला जे महिनोन्महिने शिकवलं होतं ते या माणसाने पट्टी-पेन्सिलने अर्ध्या पानात बसवलं होतं, हे मला तेव्हाही कबूल होतं. पण तिसरा रकाना मला कुठल्याच कंपनीत भेटला नव्हता.

'दिलं' म्हणजे ओले कपडे. मुलाखत संपली की काका उठून उभे राहत आणि म्हणत, "बहनजी, अभी जो गीला हो, दे दीजिए. कल सूखा मिलेगा." ज्याला खरंच अडचण आहे तोच परक्या माणसाच्या हातात घरचे कपडे देईल, बाकीचे नुसते पाहुणचार करतील, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण लोक द्यायला लागले! स्वेटर, शाळेचे गणवेश, रजईच्या खोळी. काकांच्या स्कूटरला पुढे एक बादली, मागे मी, माझ्या मांडीवर दुसरी बादली. प्रत्येक कपड्याला ते पत्र्याचा बिल्ला बांधत. रात्रभर 'सूर्य-१' घुमत राही आणि सकाळी काकू घड्या घालत बसलेल्या असत. "आधी हवाई दलाची धुणी झाली, आता विकास नगरची," त्या म्हणत. घडी मात्र इस्त्री केल्यासारखी असे.

तिसरा रकाना तीस घरांपर्यंत गेला तेव्हा काकांनी मनाशी ठरवून टाकलं. आलमबागला बस अड्ड्यामागे पत्र्याचं काम करणारे एक मिस्त्री होते, त्यांना पन्नास कपाटांचं काम सांगितलं. सोमवारी सकाळी पत्रा कापायला घेणार होते. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्या पत्र्यात जाणार होता, हे काकूंना माहीत होतं, मुलाला माहीत होतं, आणि कपाटं पडून राहिली तर नंतर काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. माझीही नोकरी त्याच पत्र्यावर होती.

शनिवारी आम्ही बख्शी का तालाबला गेलो. तिथे पेरूच्या बागेला लागून एक घर होतं. घरची बाई पन्नाशीची, बोलायला इतकी गोड की प्रश्न विचारायचा विसर पडावा. मागच्या खेपेला त्यांनी बादली भरून कपडे दिले होते. काकांच्या मते आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. वाळलेले कपडे आम्ही पोचते केले आणि काकांनी नेहमीप्रमाणे नवे मागितले.

"आज तो…" बाई जरा थांबल्या. "रुकिए, अभी लाती हूं. आप अमरूद खाइए."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने मागच्या अंगणातून हापशाचा आवाज यायला लागला. काकांना यंत्राचा आवाज ऐकून गप्प बसवत नाही. हापशाचा दांडा कुरकुरतो आहे, तेल मागतो आहे, असं म्हणत ते उठून मागे गेले. मीही गेले. बाई हापशाखाली बसल्या होत्या. बाजूला वाळलेली, घडी घातलेली चादर होती आणि शेजारी दोन कोरडे स्वेटर. त्यातला एक त्या बादलीत बुचकळत होत्या.

त्यांना आमची चाहूल लागली. मग बाई पदराला हात पुसत उठल्या. "भाईसाहब, आप इतनी ठंड में इतनी दूर से आते हैं. खाली हाथ कैसे भेज दें?"

"और पिछली बार?" काकांनी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "पिछली बार भी." आणि लगेच, मनापासून, "लेकिन स्वेटर बहुत अच्छे सूखे थे."

मला हसू आवरेना म्हणून मी पेरूच्या झाडाकडे वळून उभी राहिले. वळून पाहिलं तेव्हा काकांचा चेहरा बघून हसू गेलं. आयुष्यभर यंत्र काय दाखवतं त्यावर विश्वास ठेवलेल्या माणसाला कोणी सांगावं की तो काटा तुझं मन राखायला हलत होता, तसे ते उभे होते. येताना आम्ही आणखी चार घरी थांबलो. आता काका फक्त एकच विचारत होते: कपडे का दिलेत? एकाने सांगितलं, फौजी अंकलला नाही कसं म्हणायचं. दुसऱ्याने सांगितलं, आमची जीन्स तर फ्रिजच्या मागे वाळते, इस्त्री फिरवली की झालं. त्या दिवशी टपरीवर उजळणी झाली नाही.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी तिसऱ्या रकान्यावर पट्टी ठेवून उभी रेघ मारली. "संपलं," ते म्हणाले. "सगळ्यांना विचारून झालं. कुणाला काही नकोच आहे. या गावाला कशाची अडचणच नाही."

काकू कणीक मळत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "मला कुठे विचारलंत?"

"तू घरातली आहेस."

"म्हणजे माझे कपडे वाळतात?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी वही उघडली. खरं सांगायचं तर मी चिडले होते. त्यांच्यावर, बख्शी का तालाबच्या त्या बाईंवर, आणि अठरा घरं खुशीत लिहून आणणाऱ्या स्वतःवर. "काका, नियमाप्रमाणे करू," मी म्हटलं. "काकू, मागच्या वेळी कपडे वाळले नाहीत तेव्हा तुम्ही काय केलंत?"

काकूंनी हात धुतले. काकांकडे एकदा बघितलं. "अहो, तुम्ही तिकडे तोंड करून बसा. फ्रिजकडे."

"अगं पण मुलाखत…"

"फ्रिजकडे."

वॉरंट ऑफिसर खुर्ची उलटी करून फ्रिजकडे तोंड करून बसले. काकू माझ्याशी बोलायला लागल्या, पण आवाज मुद्दाम त्यांच्या पाठीपर्यंत पोचेल एवढा ठेवून. "स्वेटर वाळतात गं. साड्या वाळतात. आतले कपडे वाळत नाहीत. कारण ते तारेवर वाळत घालायचेच नाहीत. घातले तर मागच्या तारेवर, आणि वरून टॉवेल टाकायचा. सासूबाईंनी शिकवलं. मग क्वार्टर मिळाले, तिथे समोरून सगळी माणसं ये-जा करणार. मग न्हाणीघरात दोरी बांधली. सहा गावं फिरलो, सहाही गावांत न्हाणीघरात दोरी. उन्हाळ्यात टॉवेलखाली कसेबसे वाळतात. या थंडीत चार-चार दिवस नाहीत. मग ओलेच घालायचे. अंगावर वाळतात."

"काकू," मी म्हटलं आणि पेन खाली ठेवलं.

"खाज सुटते. पावडर लावायची, मलम लावायचं. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कपडे उन्हात वाळवा. मी हो म्हटलं." त्या जराशा हसल्या. "मीही आता लखनौचीच झाले ना."

मला सांगायला लाज वाटते, पण मी राहायचे त्या पीजीच्या गच्चीवर माझाही टॉवेल होता, तसाच, वरून टाकलेला. ओल्या कपड्यांबद्दल मी पन्नासेक घरी बायकांशी बोलले होते. त्या एका कपड्याबद्दल मी एकीलाही विचारलं नव्हतं आणि एकीनेही सांगितलं नव्हतं. शेजारी काका बसलेले असायचे, बादली घेऊन. पण मी एकटीने केली त्या अठरा घरांत तरी काय अडलं होतं? मला तो प्रश्न सुचलाच नव्हता.

फ्रिजकडून आवाज आला. "किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि विचारलं असतंत तरी सांगितलं नसतं, ते खरं."

काका फ्रिजकडे तोंड करूनच होते. त्यांची मान लाल झाली होती. लाजेने की आणखी कशाने, ते मला पाठीवरून कळलं नाही. काकूंनी पोळ्या लाटायला घेतल्या. पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा ते उठले, टेप घेऊन आले आणि काकूंच्या समोरून जायचं टाळत, तिरके होत होत, डाळीच्या डब्यांमागची मोकळी जागा मोजायला लागले.

सोमवारी आलमबागला मीही बरोबर होते. मिस्त्री पत्र्यावर खडूने रेघा मारून तयार होते. काकांनी सांगितलं, पन्नास कपाटं नकोत. एक पेटी हवी, पावाच्या डब्याहून थोडी मोठी, दार बंद होणारी, आतलं बाहेरून दिसणार नाही अशी.

"इतनी छोटी? इसमें क्या आएगा, साहब?"

"छोटे कपड़े."

"बच्चों के?"

"नहीं. छोटे." सहा ठिकाणी अधिकाऱ्यांना तोंडावर सुनावणारा हा माणूस पत्र्याकडे बघत पुटपुटला, "मतलब… छोटे."

मिस्त्रींनी खडू कानावर ठेवला. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग दुसरीकडे बघत हळूच म्हणाले, "समझ गए, साहब. एक हमारे घर के लिए भी बना लेते हैं." लखनौत मी ऐकलेला हा पहिला होकार, ज्याच्यासाठी रकान्याची गरज नव्हती.

नंतरच्या सॉर्टींना काकू आणि मी जात असू. काका स्कूटरवर बसून गल्लीच्या टोकाला थांबत, दोन गल्ल्या सोडून असले तर आणखी बरं. बायका काकूंना बघून आधी चहा देत, मग दार लोटून घेत, आणि मग जे बोलत ते ऐकून मला वाटे की आधीच्या दोन महिन्यांत आम्ही परक्याच गावात हिंडत होतो. एकीने तीन वेळा सांगितलं की पेटी नको, जागा नाही, पण तिचं बोलणं काही थांबेना. कोणीतरी तोंडावर 'नको' म्हटलं हे ऐकून काकांनी टपरीवर जिलेबी मागवली. वही ते वाचत, पण काही शब्द काकू आधीच खोडून त्या जागी 'सामान' असं लिहीत. काका गंभीरपणे विचारत, "सामान वाळायला किती वेळ लागतो म्हणाल्या?"

पेट्या पन्नास नाही, पण बऱ्यापैकी गेल्या. मिस्त्रींकडे अजून बनतात. मी पुढच्या वर्षी पुण्याला नोकरी लागली म्हणून निघाले. निघायच्या आधी फेब्रुवारीत एक दिवस निरोप घ्यायला गेले. धुकं संपून लख्ख ऊन पडलं होतं. स्वयंपाकघरातलं धूड गेलं होतं, त्या जागी छोटी पेटी होती, तिची वायर गुंडाळून वर ठेवलेली. मला वाटलं बिघडली.

"बिघडली नाही," काकू म्हणाल्या. "वर चल."

गच्चीवर काका मटार सोलत बसले होते. समोरच्या तारेवर, रस्त्याच्या बाजूच्या, काकूंचे सगळे कपडे वाळत होते. सगळे. साडी, परकर, आणि मध्ये, चिमटे लावून, ओळीने, बाकीचे. वर टॉवेल नव्हता. खालून दुधवाला गेला, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी आलं आणि गेलं. मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला मी चेष्टा केली. "काका, असं चाललं तर पेटी कोण घेणार?"

"उन्हात कशाला हवी पेटी?" काका म्हणाले. त्यांनी तारेकडे बघितलं नाही. अजूनही त्यांना ते जमत नव्हतं. सूर्य जरा कलला होता आणि त्यांची सावली तारेपर्यंत पोचत होती. ते मटाराचं ताट घेऊन उठले, खुर्ची दोन हात बाजूला सरकवली आणि पुन्हा सोलायला बसले.